बाबांची चपटी लेन्स

"बाबा, तुमचं ते धिरडं आत ठेवा. ओलं होईल."

"धिरडं तुझी आई म्हणते. तू विज्ञानातली माणूस, तू तरी नीट नाव घ्यावंस."

"पॅनकेक."

"म्हणजे धिरडंच की!" बाबा हसले, छत्रीचा दांडा मान आणि खांद्याच्या मध्ये धरला आणि कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला.

आम्ही तळेकोंडच्या सड्यावर होतो. मी पालथी, दोन्ही कोपरं ओल्या कातळावर टेकलेली. बाबा माझ्या मागे जरा लांब उभे. सडा म्हणजे कोकणातल्या टेकडीचा सपाट माथा. उन्हाळ्यात तिथे काळा जांभा दगड आणि त्यावर नाचणारी झळ, एवढंच असतं. भाद्रपदात मात्र त्याच दगडाच्या खाचाखळग्यांत बोटभर माती आणि वितभर पाणी साठतं आणि निळी, पिवळी, पांढरी फुलं इतकी दाट येतात की पाय कुठे ठेवावा कळत नाही.

माझं काम त्यातल्या एका पांढऱ्या फुलावर होतं. गेंद म्हणतात त्याला. काडीसारख्या देठावर बारीकसा गोल गोंडा. गेंदाच्या पुष्कळ जाती आहेत, पण तळेकोंडच्या सड्यावर एका पावसाळी डबक्याच्या काठाने उगवणारा गेंद त्यांतल्या कुठल्याच जातीत बसत नव्हता. तो नवीन आहे असं मला वाटत होतं. तसं सिद्ध करायला अजून निदान दोन पावसाळे लागणार होते, आणि तेवढे पावसाळे त्या डबक्याच्या वाट्याला येतील की नाही, हे दुसऱ्या दिवशी ठरायचं होतं.

सड्याचा तो भाग चिरेखाणीला द्यायचं घाटत होतं. जमीन वाडीतल्या सगळ्यांची सामायिक, त्यामुळे सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या हव्यात. गणपतीसाठी मुंबईचे चाकरमानी गावात आलेले असतात, म्हणून गावकीची बैठक गौरीविसर्जनानंतर ठेवलेली. सह्या झाल्या की दसऱ्यानंतर यंत्रं चढणार. दगड एकदा कापला की डबकं गेलं, माती गेली आणि गेंदही गेला. बैठकीत मला बोलायला वेळ मिळणार होता. तेवढीच काय ती संधी.

"अवंती, जरा उजवीकडे सरक."

"माझा फोटो नको, बाबा. मी चिखलात लोळलेय."

"तुझा नाही गं. ते आभाळ बघ कसं आलंय."

बाबा साताऱ्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना जड उचलायला बंदी केली आणि रोज चालायला सांगितलं. त्यांनी लगेच आपल्या दोन्ही मोठ्या लेन्स माझ्या हवाली केल्या आणि ही एक चपटी, पॅनकेक म्हणतात तसली, आणली. नारळाच्या वडीपेक्षा जराशी जाड. आईने ती पाहून कपाळाला हात लावला होता: "एवढं शिकलेला माणूस, आणि आणलं काय, तर धिरडं!"

खरं तर मीही आईच्याच बाजूची होते. माझी लेन्स लहानशा दुधीभोपळ्याएवढी. गोंड्यातला एकेक केस मोजता येईल असे फोटो ती काढायची. बाबांची लेन्स फुलाच्या फार जवळ गेली की सगळं धुरकट. लांबचा पक्षी टिपायला जावं, तर तिच्यात झूमच नाही.

"जवळचं धड दिसत नाही, लांबचं ओढून आणता येत नाही," मी पालथ्यानेच म्हटलं. "मग ही करते तरी काय?"

"समोर जे आहे ते घेते."

"ते तर मोबाइलही घेतो."

"मोबाइल खिशात असला की मी बसल्या जागेवरून फोटो काढतो. ही डोळ्याला लावली की उठावं लागतं. काही मोठं हवं असेल तर चालत जा, लहान हवं असेल तर चालत मागे या. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम आहे हा. शिवाय गळ्यात आहे हेसुद्धा कळत नाही."

"आणि मागे चालताना खड्ड्यात पडलात म्हणजे?"

"तू आहेस की. भोपळा टाकून धावशील."

मी पुन्हा गेंदाकडे वळले. काठावरच्या एका झुबक्याला नुकतं ऊन लागलं होतं. मी मागे काळं कापड धरलं, कारण पार्श्वभूमी काळी असली की गोंडा स्वच्छ उठून दिसतो. पण चौकटीच्या कोपऱ्यात काहीतरी पांढरं फटफटीत चमकत होतं. मान वर करून पाहिलं तर चुन्याची रेघ. आदल्या दिवशी ठेकेदाराची माणसं येऊन आखणी करून गेली होती. रेघ डबक्याच्या काठावरून, तेरड्याच्या गर्दीतून थेट पलीकडे गेलेली. रेघेमुळे फोटो बिघडत होता, म्हणून मी आणखी जवळ सरकले, कापड वर ओढलं आणि ती चौकटीबाहेर घालवली. फोटो अप्रतिम आला.

आमचा मुक्काम इंदीवयनींकडे होता. साठी उलटलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेल्या, घरातल्या एकट्याच. मला जेवायला वाढताना म्हणायच्या, "तुज्या फुलासारकी झालीस, निस्ती काडी." त्या संध्याकाळी मी ओटीवर बसून लॅपटॉपवर दुसऱ्या दिवशीच्या बैठकीसाठी फोटो निवडत होते. बाबा शेजारी चहा पीत होते.

"माझे दोन-तीन घालतेस का मध्ये?" त्यांनी विचारलं. अगदी सहज विचारल्यासारखं.

मी त्यांचे फोटो उघडले. अर्धी चौकट आभाळ, खाली सडा, एका टोकाला म्हैस, कुठेतरी मी. गेंद कुठे असेल तर पांढऱ्या टाचणीच्या डोक्याएवढा.

"बाबा, ह्यात गेंद दिसतच नाही."

"नाही दिसत," ते म्हणाले. "मला तिथे उभं राहिल्यावर जेवढा दिसतो तेवढाच दिसतो."

"आणि ही म्हैस?"

"ती आपणहून आली."

"उद्या मला फूल दाखवायचंय. लोकांचं लक्ष म्हशीकडे जाईल."

"बरं बरं," बाबा म्हणाले आणि चहाची बशी पालथी करून आत गेले. लॅपटॉपमध्ये त्यांचे फोटो होतेच. ते मी माझ्या फोटोंमध्ये घेतले नाहीत, इतकंच.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर देवळाच्या सभामंडपात गाव जमलं. शाळेतला प्रोजेक्टर आणलेला, दोन खांबांच्या मध्ये पांढरं धोतर ताणलेलं. पुढे पुरुष. गावकीत बायका बोलत नाहीत, अशी तिथली रीत. पण ज्यांचं नाव सातबाऱ्यावर आहे त्यांना सहीसाठी यावंच लागतं, म्हणून इंदीवयनी आणि आणखी काही जणी मागच्या खांबांपाशी बसलेल्या. मधोमध अण्णा बाईत, गावचे गावकर म्हणजे प्रमुख. त्यांच्या शेजारी त्यांचा पुतण्या सुयोग, मुंबईत कंपनीत नोकरी करणारा. ठेकेदाराला गावात त्यानेच आणलेलं.

सुयोग आधी बोलला, आणि चांगलं बोलला. "वाडीत माणसं किती राहिलीत ते बघा. शाळेत पोरं नाहीत. पावसाळ्यात आजारी माणूस झोळीतून खाली न्यावा लागतो. खाण आली तर रस्ता येईल, चार पोरांना इथेच काम मिळेल. सडा कुणाच्या उपयोगाचा आहे? तिथे गवतसुद्धा धड उगवत नाही."

माना हलल्या. मलाही त्यात खोटं काही दिसेना.

मग मी उठले. पहिला फोटो धोतरावर उमटला. काळ्याभोर पार्श्वभूमीवर टपोरा पांढरा गोंडा, ताटाएवढा. वर्षभरातला माझा सर्वांत उत्तम फोटो होता तो.

पुढच्या रांगेतून एकाने विचारलं, "काय वो मॅडम, ह्यो मोत्याचा डूल हाय काय?"

हशा.

"हे फूल आहे. तुमच्याच सड्यावरचं."

"नाय नाय. आमचा जन्म गेला तितं गुरं राखण्यात. आसला फूल नाय आमच्याकडं."

"परदेशातला आसंल," दुसरा म्हणाला.

"केवढं असतं हे?" सुयोगने विचारलं. त्याने चेष्टेने विचारलं नव्हतं.

मी खरं तेच सांगितलं. "भाताच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं."

"म्हणजे भाताच्या दाण्यासाठी रस्ता नको?" मागून कोणीतरी ओरडलं, आणि या वेळी हशा थांबेचना. अण्णांनी हात वर केला तेव्हा कुठे लोक गप्प झाले. मी पुढचे फोटो दाखवले. केसर, बी, बियांवरचे काटे. सगळं स्पष्ट, सगळं काळ्यावर पांढरं. लोक सभ्यपणे बघत होते, जांभया देत होते. कोणीतरी सह्यांचे कागद पुढे सरकवले. माझं बोलणं संपलं होतं आणि मी हरले होते, हे मला आणि सगळ्यांनाच कळलं होतं.

"अण्णा," बाबा उठून उभे राहिले, "परवानगी असेल तर मी काढलेले दोन-चार दाखवतो. त्यात शास्त्र वगैरे काही नाही."

"बाबा, नको," मी हळूच म्हटलं.

"दाखवा की, सर," अण्णा म्हणाले. "एवढे चढून गेलाव दोन-दोन वेळा वर, ते काय फुकट?"

बाबांनी फोटो उघडला. वर आभाळ, खाली सडा.

सभामंडपात एकदम कालवा झाला.

"आरं, ही पाणंदीची वाट!"

"त्यो बग पारवाडीचा वड, मागं."

"म्हस कुनाची ती? गणूची?"

"गणूची कशी? शिंग बघ की. आमची हाय ती!"

"मंग बांदून ठेव, ऱ्हायलेली भातं खाल्लीन माजी!"

सगळे हसत होते, पण आता ते एकमेकांना हसत होते. जो तो पुढे वाकून आपापलं काहीतरी शोधत होता. बाबा सावकाश एकेक फोटो पुढे नेत होते. मी काल टाकून दिलेले सगळे.

मग डबक्याचा फोटो आला. काठावर गुलाबी तेरडा फुललेला, मध्ये पाण्यात आभाळ, एका बाजूला पालथी पडलेली मी. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, तेरड्याच्या मधून, चुन्याची रेघ.

पुढच्यांचं बोलणं चालूच होतं. मागून आवाज आला, "ह्यो चुना कोनी मारलान?"

इंदीवयनी उठून उभ्या राहिल्या होत्या. पुरुषांच्या माना वळल्या.

"काकी, ती हद्द आहे," सुयोग म्हणाला. "ठेकेदाराने आखणी केलीय. कागदावर गट नंबर दिलाय, तोच हा."

"कागदाचा मला नको सांगू. ही गवरीची कोंड हाय."

त्यांनी धोतरावरच्या पाण्याकडे बोट केलं.

"पाच दिसांमागं आमी गवर हितनंच आणलीव," त्या म्हणाल्या. "तवा चुना नव्हता. गवर बोळवली ती पन हितंच, तवा बी नव्हता. माज्या सासूनं बी हितनंच आणलीन, तिच्या सासूनं बी. तुजी आय पन व्हती गेल्या साली, इचार तिला."

माझ्या घरी साताऱ्याला गौरी म्हणजे पितळी मुखवटे आणि रेशमी साड्या; सणाला मी दरवर्षी तिकडेच असायचे. तळेकोंडात गौर म्हणजे तेरड्याची रोपं; ती त्याच डबक्याच्या, म्हणजे त्यांच्या कोंडीच्या, काठावरून वाजतगाजत आणायची आणि तिथेच परत सोडायची. दोन वर्षं मी त्या काठावर पालथी पडून केस मोजत होते आणि मला हे ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. माझ्या तक्त्यात तेरड्यापुढे नुसतं 'विपुल' असं लिहिलेलं होतं.

अण्णा पुतण्याकडे वळले. "तू मला म्हनालास, खाण कोंडीच्या पलीकडं."

"अण्णा, नकाशात कोंड नाहीच," सुयोग गोंधळून म्हणाला. "खरंच नाही. तिथे पाणी चारच महिने असतं. मोजणी उन्हाळ्यात झाली. मी नकाशा पाहिला, त्यात सगळा कातळच दाखवलाय." तो खोटं बोलत नव्हता. तो धोतरावरच्या फोटोकडे बघत होता, आणि ती रेघ कुठून कुठे जाते हे त्यालाही पहिल्यांदाच कळत होतं.

"माजी सही नाय," इंदीवयनी म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्यांच्या शेजारची बाई बसल्या जागेवरून म्हणाली, "माजी पन नाय." तिचा नवरा पुढच्या रांगेत होता. त्याने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा समोर बघू लागला.

त्यानंतर बराच वेळ वाद झाला. रस्ता हवा होता हे खरंच होतं, आणि तो नको असं इंदीवयनीही म्हणत नव्हत्या. शेवटी ठरलं की कोंड आणि तिच्या वरचा उतार, जिथून तिला पाणी येतं, तो सगळा भाग सोडायचा. ठेकेदाराला पलीकडचा पारवाडीकडचा तुकडा द्यायचा; पटलं तर घेईल, नाहीतर जाईल. उताराचं बाबांनीच विचारलं होतं: "कोंडीत पाणी येतं कुठून?" आणि फोटोत बोट दाखवून दहाजणांनी दहा वाटा सांगितल्या होत्या.

गेंदाचं नाव त्या ठरावात कुठेच नव्हतं. तो तेरड्याच्या ओटीत बसून वाचला.

संध्याकाळी इंदीवयनींच्या ओटीवर मी लॅपटॉप उघडला आणि बाबांचे फोटो पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले. या वेळी सावकाश. पाणंदीच्या वाटेवर पाठीवर पिशवी टाकून चालणारी मी. वडाच्या दिशेने बघत चष्मा पुसणारी मी. म्हशीच्या फोटोत, म्हशीच्या पोटाखालून दिसणारे माझे पाय. ज्यात मी नाही असं वाटलं होतं त्या आभाळाच्या फोटोतही खालच्या काठाशी माझी पिवळी टोपी होती. कुठे लहान, कुठे त्याहून लहान. पण सगळ्यांत होते.

बाबा पायरीवर बसून चपलांना लागलेला चिखल काडीने काढत होते.

"बाबा, तुम्ही सड्याचे फोटो काढत होतात ना?"

"सड्याचे?" त्यांनी मान वर केली नाही. "नाही गं. मी तुझेच काढत होतो. तू सांगितलंस ना, माझे नकोत म्हणून. मग आभाळाचं नाव सांगायला लागलं."

"मग जवळून तरी काढायचे. मी दिसतेय कुठे त्यात?"

"जवळ आलो असतो तर तू उठून बसली असतीस. केस नीट केले असतेस. काम करताना तू कशी दिसतेस ते तुझ्या आईने कधी बघितलेलं नाही. तिला न्यायचे होते." ते चप्पल आपटून चिखल झाडायला लागले. "आणि ह्या लेन्समध्ये तुला एकटीला काढताच येत नाही. तू म्हटलं की सगळा सडा बरोबर येतो."

आतून इंदीवयनी ओरडल्या, "सर, भाकरी गार होतायत! लेकीला पन आना, ती काय हाकंला येत नाय."

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. बाबा नाहीत. तळेकोंडला खालपासून वाडीपर्यंत डांबरी रस्ता आहे. पारवाडीकडे सड्याला मोठा चौकोनी खड्डा पडलाय. उतार सुरू होतो तिथे तो थांबतो.

आणखी दोन पावसाळे संपल्यावर मी गेंदावरचा लेख पाठवला. नवीन जातीच्या लेखात ती कुठे उगवते त्या जागेचा एक फोटो द्यावा लागतो. मी बाबांचा डबक्याचा फोटो दिला, खाली त्यांचं नाव घालून. संपादकांचं उत्तर आलं. लेख स्वीकारला होता; फक्त एक लहानशी विनंती होती. जागेचा फोटो चांगला आहे, परंतु त्यात डाव्या बाजूला एक व्यक्ती जमिनीवर पडलेली दिसते. चौकट कापून ती वगळता येईल का?

मी तो फोटो पुन्हा उघडला. मग उत्तर लिहिलं. व्यक्ती वगळता येणार नाही. आजूबाजूचं सगळं केवढं आहे, ते तिच्यावरूनच कळतं.